दुसऱ्याची केस फाइल वाचून डॉक्टर कळतो का?

स्टेथोवाला
११ ऑगस्ट, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय. ओपीडी, राउंड आणि नाशिकच्या द्वारका चौकाचा ट्रॅफिक यातून घरी पोचलो की डोळे मिटतात. पण गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, आणि ती हॉस्पिटलात कुणाशी मोकळेपणी बोलता येत नाही. म्हणून इथे.

मी फिजिशियन. स्वतःचं क्लिनिक आहे, शिवाय नाशकातल्याच एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलला जोडलेला आहे. कुठलं ते विचारू नका. तिथल्या व्यवस्थापनाने ठरवलं की दर महिन्याला डिस्चार्ज झालेल्या आणि दगावलेल्या पेशंटच्या काही फायली आपल्यातल्याच डॉक्टरांनी तपासायच्या. मेडिसिनची फाइल मेडिसिनवाला बघणार, सर्जरीची सर्जन. मेडिसिनसाठी तिघांची समिती, त्यात मी. फाइल वाचून शेवटी १ ते ४ असा शेरा द्यायचा. १ म्हणजे उपचार योग्य, ४ म्हणजे गंभीर चूक. वर्षअखेरीस प्रत्येक डॉक्टरच्या शेऱ्यांची बेरीज करून त्याची 'कामगिरी' ठरणार.

पहिली फाइल डेंगीची निघाली. (तपशील बदलले आहेत, ओळखायचा प्रयत्न करू नका.) तिशीतला तरुण, सातपूरला कंपनीत कामाला. तापाचा पाचवा दिवस, ताप उतरलेला. प्लेटलेट ३८ हजार. रोजच्या नोट्समध्ये प्लेटलेटचा आकडा ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून. पण डेंगीत माणूस सहसा प्लेटलेटने जात नाही. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि बीपी पडतो. हे कळतं हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावरून. आणि हे सगळं ताप उतरताना होतं, जेव्हा नातेवाईक डिस्चार्ज कधी म्हणून विचारत असतात. या फाइलमध्ये लॅबच्या छापील रिपोर्टवर हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६ वर गेलेला दिसतोय. डॉक्टरांच्या नोट्समध्ये त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. सलाइनचा वेग तोच. त्या रात्री पेशंट शॉकमध्ये गेला, आयसीयूत हलवला, चार दिवसांनी चालत घरी गेला.

मी ३ दिला. समितीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी १ दिला. मी चकित. ते म्हणाले, सिस्टरच्या कागदावर बघ, संध्याकाळी सातला सलाइनचा वेग वाढवलाय, म्हणजे फोनवर सांगितलं असणार. तिसऱ्यांनी फाइल चाळली, शेवटचं पान पाहिलं, "वाचला ना? मग २," आणि चहा मागवला.

एक फाइल, तीन डॉक्टर, तीन शेरे. आणि यावरून आम्ही एका सहकाऱ्याची लायकी ठरवणार.

माझ्या ओळखीत एक जण आहेत, त्यांची राउंडची नोट दोन ओळींची. 'बेटर. सीटी ऑल.' म्हणजे बरा आहे, सगळं तेच चालू ठेवा. अक्षर असं की केमिस्टलाही फोन करावा लागतो. पण माझ्या आईला छातीत दुखलं तेव्हा मी त्यांनाच बोलावलं होतं. उलट काही जणांची फाइल इतकी देखणी की फ्रेम करावी, आणि त्यांनी पेशंटच्या पोटाला हात लावल्याचं कुठल्याही सिस्टरने पाहिलेलं नाही. फाइल वाचून मला नक्की काय कळतं? डॉक्टर, की त्याची लिहायची सवय?

इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, पेशंट तर सगळेच आहेत. बोला.


सुरीधर
११ ऑगस्ट, रात्री ११:५८

आलात का लाइनीवर. मी सर्जन, वीस वर्षं याच गावात. तुमच्या समितीचं पुढे काय होणार ते आत्ताच सांगतो. गावात एका प्रकारची ऑपरेशनं करणारे पाच-सहा जण. एकमेकांचे पेशंट पळवणारेही तेच आणि एकमेकांच्या फायली तपासणारेही तेच. शालिमारला आयएमएच्या (आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या) हॉलमध्ये शेजारी बसून जेवायचं आणि सोमवारी त्याला ४ द्यायचा? एकतर सगळे सगळ्यांना १ देतील, नाहीतर ज्याच्याशी वाकडं आहे त्याला बरोबर ४ मिळेल. तिसरा पर्याय नाही.

कल्पनाविलास नाही हा. अमेरिकेत ओरेगन राज्यात अस्टोरिया नावाचं लहान गाव आहे, तिथे एकच हॉस्पिटल. पॅट्रिक नावाच्या सर्जनने तिथल्या क्लिनिकची भागीदारी नाकारून स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली. क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे पेशंट पाठवणं थांबवलं आणि हॉस्पिटलात त्याच्या केसेसचा पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच पेशातल्यांकडून तपासणी, लावला. शेवटी त्याला राजीनामा द्यावा लागला. तो कोर्टात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८८ मध्ये निकाल पॅट्रिकच्या बाजूने लागला. अस्टोरियाच्या जागी आपल्या जिल्ह्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव घाला आणि पुन्हा वाचा.


गोदातीरी
१२ ऑगस्ट, सकाळी ७:१०

रोचक धागा. वाचतेय.


रात्रपाळी_सिस्टर
१२ ऑगस्ट, सकाळी ९:०५

ड्यूटी संपवून घरी आले, झोपायच्या आधी लिहिते.

सर, तुम्ही 'फाइल' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यापुढे डॉक्टरांच्या नोट्स असतात. आमचे कागद मागे टोचलेले असतात, ते कुणी वाचत नाही. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी वाचले, त्यांना माझा नमस्कार सांगा. रात्री खरं काय झालं ते तिथेच असतं. बीपी किती वाजता पडला, आरएमओला (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला) किती वाजता उठवलं, मोठ्या डॉक्टरांना किती वेळा फोन केला, त्यांनी कितव्या वेळी उचलला. (हे शेवटचं आम्ही लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मेट्रन बोलावते.)

पण आमचेही कागद देवाच्या घरचे नाहीत हो. एका वॉर्डात तीस पेशंट आणि दोघी जणी असल्या तर सहाचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आठला भरला जातो. ओळखायची खूण सांगते. तीन दिवसांची टेम्परेचरं एकाच पेनाने, एकाच दाबाने, सगळी ९८.६ दिसली की समजायचं, हे बसून भरलेलं आहे. खरा चार्ट गलिच्छ असतो. निळं पेन, काळं पेन, मध्येच चहाचा डाग, एखादी खाडाखोड.

फोनवरच्या ऑर्डरीचं तर बोलायलाच नको. रात्री दोनला "दे ते इंजेक्शन" म्हणतात. आम्ही देतो. सकाळी राउंडला त्यांनी ते लिहिलं तर आम्ही हुशार, नाही लिहिलं आणि काही झालं तर "सिस्टरने कुणाला विचारून दिलं?"


अंबडकर
१२ ऑगस्ट, दुपारी १:४०

डॉक्टरसाहेब, मला वैद्यकीमधलं ओ की ठो कळत नाही. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, गाड्यांचे पार्ट बनवतो. तुमची पोस्ट जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि हसू आलं, कारण हा प्रॉब्लेम आमच्याकडे रोजचा आहे आणि त्याला नाव आहे: गेज आर अँड आर.

समजा एका शाफ्टचा व्यास मोजायचाय. आकडे वरखाली येतात. दोष शाफ्टचा की मोजणाऱ्याचा? म्हणून जॉब तपासायच्या आधी आम्ही मोजणारे तपासतो. दहा पार्ट घ्यायचे, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक पार्ट तीनदा मोजायचा, आधी काय आकडा आला होता ते न बघता. दोन गोष्टी कळतात. एकच माणूस तोच पार्ट पुन्हा मोजतो तेव्हा तोच आकडा येतो का, आणि वेगवेगळ्या माणसांचा आकडा जुळतो का. एकूण फरकापैकी १० टक्क्यांच्या आत मोजमापाचा फरक असेल तर उत्तम. ३० टक्क्यांच्या वर गेला तर ते मोजमाप फेकून द्यायचं, त्यावरून जॉब रिजेक्ट करायचा हक्कच नाही. नुसतं 'पास-फेल' असेल तर कप्पा नावाचा आकडा काढतात. दोघे जण योगायोगानेही काही वेळा सहमत होतातच, तेवढं वजा करून खरं एकमत किती उरलं ते तो सांगतो. ०.७५ च्या वर असेल तर आम्ही चांगलं धरतो.

तुम्ही तर जॉब मोजायला घेतलात आणि व्हर्नियरच, म्हणजे मोजायचं साधनच, कॅलिब्रेट केलेला नाही. त्यात तुमचे ऑपरेटर एकमेकांचे दोस्त नाहीतर दुश्मन. आमच्याकडे ग्राहकाचा ऑडिटर आला असता तर पहिल्या तासात लाइन बंद केली असती. हलके घ्या :)


सुरीधर
१२ ऑगस्ट, दुपारी २:१५

माणूस शाफ्ट नाही हो साहेब.


अंबडकर
१२ ऑगस्ट, दुपारी २:२२

मान्य. म्हणून तर व्हर्नियर जास्त चांगला पाहिजे ना?


स्टेथोवाला
१२ ऑगस्ट, रात्री १०:४५

अंबडकर, तुमची पोस्ट तीनदा वाचली. तुम्ही म्हणता ते आमच्या लोकांनी करून पाहिलंय, फक्त आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेत ११२ भूलतज्ज्ञांना २१ केसेस वाचायला दिल्या. प्रत्येक केसच्या दोन आवृत्त्या. उपचार शब्दशः तेच, फक्त शेवट वेगळा. एकीत पेशंटला झालेली इजा तात्पुरती, दुसरीत कायमची. शेवट कायमच्या इजेचा केला की 'उपचार योग्य' म्हणणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्के बिंदूंनी घसरलं. म्हणजे आमचे "वाचला ना? मग २" म्हणणारे डॉक्टर काही जगावेगळे नाहीत. शेवटचं पान आधी वाचलं की मागची सगळी पानं त्या रंगात दिसतात.

दुसरा अभ्यास २००१ चा, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधला. १४ अनुभवी फिजिशियननी १११ मृत्यूंच्या फायली पाहिल्या. 'मृत्यू कदाचित टळला असता' असं जवळपास २३ टक्के वेळा म्हटलं गेलं. 'बहुधा किंवा नक्की टळला असता' असं ६ टक्के वेळा. पण एकाच मृत्यूबद्दल दोघांचं मत जुळणं अवघड. त्यामुळे एकाच फाइलला पुरेसे तपासनीस लावले तर 'हा नक्की टळला असता' म्हणणारा एखादा भेटतोच. त्या लेखाच्या शीर्षकाचा सूरच असा की मृत्यू टळण्याजोगा होता की नाही हे तपासणाऱ्याच्या नजरेत असतं.

सुरीधर सर, तुमचा मुद्दा सोडून देत नाहीये. तो मला रात्री छळतो. पण आत्ता काय चाललंय तेही बघा. आपण एकमेकांबद्दल मतं ठेवतोच. तो बरा, त्याच्याकडे पाठवू नको, तो फार चिरतो. फायली न वाचता, ऐकीव. त्यापेक्षा फाइल बरी नाही का?


काळाकोट
१३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

नाशिकच्याच कोर्टात प्रॅक्टिस करतो, ग्राहक आयोगासमोरही उभा राहतो, दोन्ही बाजूंनी.

डॉक्टर, समितीचे कागद समितीतच राहतील या भरवशावर राहू नका. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने प्रामाणिक पीअर रिव्ह्यू करणाऱ्यांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण दिलंय. आपल्याकडे अशा समितीच्या कागदांना तसं खास कवच देणारा कायदा नाही. तुम्ही फाइलवर '४, गंभीर चूक' लिहून खाली सही ठोकलीत आणि उद्या तोच पेशंट आयोगात गेला, तर माझ्यासारखा वकील तो कागद मागणारच. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आलीच आहे.

फौजदारी बाजूला मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की डॉक्टरवर गुन्हा पुढे नेण्याआधी तपास अधिकाऱ्याने त्याच शाखेच्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरने फाइल वाचून मत देणं कायद्याला नवं नाही. फरक इतकाच की ते मत काहीतरी घडून गेल्यावर घेतलं जातं, आणि ते देणाऱ्याला शेवटचं पान आधीच पाठ असतं.

जाता जाता: मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितली तर ७२ तासांत द्यायची. हे अर्ध्या हॉस्पिटलांना माहीत नाही. उरलेल्या अर्ध्यांना माहीत आहे आणि ते "एमआरडीचा (जुन्या फायलींच्या विभागाचा) माणूस रजेवर आहे" सांगतात.


एमआरडी_वाला
१३ ऑगस्ट, सकाळी ११:१२

काळाकोट साहेब, रजेवर नव्हतो. फाइल टीपीएच्या (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीच्या) क्लेमसाठी गेली होती. ती नेहमी तिकडेच गेलेली असते.


पंचवटीतली
१३ ऑगस्ट, दुपारी ४:००

लिहू की नको असं चाललं होतं.

माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. मी फाइलची प्रत मागितली, बरेच हेलपाटे घालून मिळाली. डॉक्टरांशी भांडायला नाही, मला फक्त समजून घ्यायचं होतं. इंग्रजी नोट्स भाच्याने वाचून दाखवल्या. रविवारच्या पानावर दुपारी चारची नोंद होती: पेशंट आरामात, नवीन तक्रार नाही. रविवारी दुपारी चारला ते बाथरूममध्ये पडलेले होते आणि मी आणि वॉर्डबॉय त्यांना उचलत होतो. पडल्याची नोंद कुठेच नाही. सोमवारच्या पानावरही तेच वाक्य होतं. मंगळवारीही.

तुमच्या समितीने ही फाइल वाचली असती तर १ दिला असता ना?


स्टेथोवाला
१३ ऑगस्ट, रात्री ११:३०

ताई, हो. बहुतेक १ दिला असता. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

तीन दिवस तेच वाक्य दिसलं की थांबायला हवं, एवढं आता डोक्यात ठेवीन. नोट्स खऱ्या असल्या की त्या रोज थोड्या बदलतात. आजार थांबून राहत नाही.


जमाखर्च
१४ ऑगस्ट, सकाळी १०:२०

सीए आहे. आमच्या इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये पीअर रिव्ह्यू बोर्ड काढलं तेव्हा असाच गोंधळ झाला होता, आपलाच स्पर्धक आपल्या फायली उघडणार म्हणून. दोन गोष्टींनी ते निभावलं. एक, तपासनीस तुमच्या ऑफिसची पद्धत बघतो: कामाचे कागद आहेत का, कनिष्ठाने केलेलं वरिष्ठाने पाहिलं का. अमुक क्लायंटचा ताळेबंद चुकला म्हणून सीएचं डोकं मागायला तो येत नाही. दोन, गोपनीयतेची लेखी हमी घेतली जाते. तुम्ही बाहेरगावचा तपासनीस का आणत नाही? धुळ्याचा, नगरचा. त्याला इथल्या कुणाचं काही पडलेलं नसतं.


सुरीधर
१४ ऑगस्ट, दुपारी १२:०५

धुळ्याच्या माणसाला इथे एमआरआय रात्री मिळत नाही हे माहीत नसतं. तो लिहिणार 'तातडीने एमआरआय का नाही केला'.


कट्टेकरी
१४ ऑगस्ट, दुपारी १२:४०

अवांतर: गुडघ्यासाठी इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागात चांगला डॉक्टर सुचवा. १ शेरा असलेला.


रात्रपाळी_सिस्टर
१४ ऑगस्ट, दुपारी २:३०

@कट्टेकरी, ज्या डॉक्टरकडे त्याच हॉस्पिटलच्या सिस्टर स्वतःच्या सासूला दाखवतात त्याच्याकडे जा.


जुनं_पुराण
१५ ऑगस्ट, रात्री ९:१५

निवृत्त प्राध्यापक, म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षांच्या निमित्ताने असंख्य केस प्रेझेंटेशनं ऐकलेला माणूस. एक जुनी गोष्ट सांगतो.

बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन होता. त्याचं म्हणणं साधं: प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवा, वर्षभराने त्याला पुन्हा तपासा, बरा झाला नसेल तर का ते लिहा, आणि हे जाहीर करा. मोठ्या हॉस्पिटलातल्या मंडळींना ते रुचेना. १९१४ मध्ये त्याने तिथून राजीनामा दिला. १९११ साली काढलेल्या स्वतःच्या लहान हॉस्पिटलात मात्र त्याने ते करून दाखवलं. १९१६ पर्यंत ३३७ पेशंट, त्यांत नोंदलेल्या चुका १२३. स्वतःच्या चुका, स्वतः छापलेल्या. हॉस्पिटल बंद पडलं ते वेगळं.

स्टेथोवाला, तुमच्या समितीत आणि कॉडमनमध्ये एक फरक मला खटकतो. तो स्वतःच्या फायलींपासून सुरू झाला होता. तुमची फाइल कोण वाचतंय?


स्टेथोवाला
७ सप्टेंबर, रात्री १०:१०

धागा वर आणतोय. सगळ्यांची माफी मागतो, डेंगीच्या सीझनमध्ये गायब झालो होतो.

अंबडकरांचं ऐकलं. शेरे देणं थांबवलं आणि आधी आम्हा तिघांनाच तपासायचं ठरवलं. एमआरडीवाल्याने आठ जुन्या फायली काढल्या, आयसीयूत हलवल्यानंतरची आणि डिस्चार्जची पानं काढून ठेवली, नावांवर पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्यांचा काही उपयोग झाला नाही, अक्षर पाहिलं की कुणाची फाइल ते पहिल्याच ओळीत कळतं. म्हणून त्याने बिचाऱ्याने नोट्स टाइप करून दिल्या. तिघांनी वेगवेगळं बसून वाचलं. दोन आठवड्यांनी त्याच आठ, क्रम बदलून, पुन्हा.

आठपैकी तीन फायलींवर तिघांचा शेरा सारखा आला. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं, की दोन फायलींवर माझाच दुसऱ्या वेळचा शेरा पहिल्याशी जुळला नाही. एकीला मी आधी २ आणि मग ३ दिला होता. मध्ये काय बदललं? त्या आठवड्यात माझा स्वतःचा एक पेशंट तशाच कारणाने बिघडला होता. अंबडकर, तुमच्या भाषेत मी फेकून द्यायचा व्हर्नियर आहे.

मग १ ते ४ बाजूला ठेवलं आणि आजारागणिक थेट प्रश्न लिहिले. डेंगी: ताप उतरल्यावर हिमॅटोक्रिट बघितल्याची खूण आहे का? तो चढल्यावर सलाइनचा निर्णय कुणी, किती वाजता घेतला? रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्याला घाबरून प्लेटलेट चढवल्या का? (याचं उत्तर बघून मान खाली गेली.) निफाड-दिंडोरीकडून फवारणीच्या औषधाची विषबाधा येते, तिच्यासाठी: अॅट्रोपिन किती दिलं हे सगळेच लिहितात, पण छातीतली घरघर थांबली का हे लिहिलंय का? डोस पुरला की नाही हे तिथेच कळतं. सर्पदंश: रक्त साध्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते पाहिलं का, आणि लस दिल्यानंतर सहा तासांनी पुन्हा पाहिलं का?

असे प्रश्न विचारले की तिघांची उत्तरं बहुतेक जुळायला लागली. आणि प्रश्नात डॉक्टर कुठेच नाही, त्यामुळे चहाही शांतपणे पिता आला.

पण सगळं त्यात मावत नाही. एक फाइल अशी होती की प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. साठीच्या मधुमेही बाई, उलट्या आणि पोटात वरच्या बाजूला जळजळ. ईसीजी केला, ठीक होता. साखर पाहिली, औषधं दिली, कन्सेंटवर सही आहे, सगळं आहे. फक्त मधुमेही बाईला असं होतं तेव्हा ते हृदयाचं असू शकतं, ईसीजी पुन्हा काढावा, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) पाठवावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. यादीने ती फाइल पास केली. आमच्यातल्या तिसऱ्यांनी, त्याच "वाचला ना" म्हणणाऱ्यांनी, ती पकडली. शेवटचं पान नव्हतं ना यावेळी. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "अरे, ही बाई घाबरून घामाघूम झालीय असं सिस्टरने लिहिलंय." यादी कितीही चांगली केली तरी असं थांबणारा माणूस लागणारच. मला वाटतं दोन्ही ठेवावं: आधी प्रश्न, मग ज्या फायलीत कुणीतरी अडखळेल ती तिघांनी एकत्र बसून वाचायची, आणि संबंधित डॉक्टरला बोलावून त्याचं ऐकायचं. सुरीधर सर, रात्री एमआरआय मिळत नाही हे त्याने तिथे सांगायचं.

बेरजेचं म्हणाल तर व्यवस्थापनाला स्पष्ट सांगितलं. एका डॉक्टरच्या वर्षाकाठी दहा-बारा फायली, त्याही कुठल्या निघतील ते नशीब. त्यावरून डॉक्टरला नंबर लावायचा असेल तर माझ्या जागी दुसरा बघा. त्यांनी बेरीज 'सध्या स्थगित' केली आहे. काळाकोट, कागदावर आता डॉक्टरचं नाव नसतं आणि शेराही नसतो, फक्त पद्धतीत काय बदलायचं तेवढं लिहितो.

पंचवटीतल्या ताई, एक प्रश्न तुमचा घेतलाय, सगळ्या आजारांना लागू: लागोपाठ दोन दिवस तीच नोट आहे का? असेल तर त्या दिवसांचा सिस्टरचा कागद वाचायचा.


सुरीधर
७ सप्टेंबर, रात्री ११:०२

बेरीज परत येईल. मार्चमध्ये एनएबीएचची (हॉस्पिटलांच्या मानांकनाची) तयारी सुरू झाली की व्यवस्थापनाला आकडा लागतो. लिहून ठेवा.

पण ती मधुमेही बाईंची फाइल मला दाखवा एकदा. आमच्याकडे अशाच बाया पित्ताशयाचं दुखणं म्हणून येतात.


जुनं_पुराण
८ सप्टेंबर, सकाळी ७:४५

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.


स्टेथोवाला
८ सप्टेंबर, रात्री १०:५०

राहिलं नव्हतं सर, टाळलं होतं.

आठमध्ये माझी एक फाइल होती. टाइप केल्यामुळे मला दुसऱ्या पानापर्यंत कळलंच नाही. जुलाबाने सुकून गेलेले आजोबा. संध्याकाळी सहाला पोटॅशियम २.९, म्हणजे कमी, आल्याचा रिपोर्ट. त्यानंतर माझी नोट थेट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाची, आणि तिच्यातही पोटॅशियमचा उल्लेख नाही. बाकी दोघांनी एकाच ओळीत लिहिलं: रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्याची खूण नाही.

मी ताबडतोब म्हणालो, "अरे, मी फोनवर सांगितलं होतं, केसीएल (पोटॅशियम) लावलं होतं." सिस्टरच्या कागदावर ते होतंही, वेळेसकट. मग दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. डेंगीच्या फाइलला १ देताना त्यांनी हेच म्हटलं होतं, आणि मी म्हटलं होतं की नोटमध्ये नाही म्हणजे नाही.

त्या डेंगीवाल्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी भेटून आलो. त्यांनी खरंच फोन केला होता. हिमॅटोक्रिट लॅबमधून विचारून घेतला होता. शॉक तरीही आला, डेंगीत येतो.

आता प्रत्येक वॉर्डच्या काउंटरवर फोन ऑर्डरची वही ठेवलीय. सिस्टरने ऐकलेलं लिहायचं, परत वाचून दाखवायचं, आणि डॉक्टरने २४ तासांत सही करायची.


रात्रपाळी_सिस्टर
९ सप्टेंबर, सकाळी ८:५५

वही चांगली आहे सर. पण तिला पेन दोरीने बांधून ठेवायला सांगा. सही करून झाली की डॉक्टर लोक खिशात घालून घेऊन जातात.